माझ्या पोटातला मोरपंखी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. हातभर लांब आणि दोन बोटं रुंद. रंगाच्या डब्यात उतरून रंग ढवळायचा, एवढंच माझं काम. लगेच नाक मुरडू नका! घरातली दारं, चौकटी, कपाटं रंगवून झाली की सगळे ब्रशचं कौतुक करतात. रोलरचंसुद्धा करतात. माझं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. पण डब्याच्या तळाशी बसलेला रंग वर कोण आणतं? मीच ना? तो नीट वर आला नाही, तर पहिलं दार फिकट होतं आणि शेवटचं गडद. मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

असो. मी काही स्वतःची टिमकी वाजवायला बसलेली नाही. थोडीशी वाजवीन, ते तुम्ही चालवून घ्या. खरी गोष्ट आहे एका पेंटरची आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची.

माझा जन्म त्या शिवणबाईंच्या घरातच झाला. तेव्हा घर नवं कोरं होतं. सुतार स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बसवत होता. ती एका बाजूने जाड पडली, म्हणून त्याने कडेची एक पट्टी कापून बाजूला फेकली. ती मी. भुशाच्या ढिगात पडले होते आणि संध्याकाळी त्याच ढिगाबरोबर कचऱ्यात जाणार होते. तेवढ्यात एक पोरसवदा पेंटर आत आला. स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं त्याचं ते पहिलंच काम होतं. ब्रश, कापड, पॉलिश पेपर, सगळं त्याने आणलं होतं, पण रंग ढवळायला काहीच आणलं नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, पँटला पुसलं आणि दिलं डब्यात बुडवून.

काय सांगू तुम्हाला! अंगावर पहिला रंग चढला तो मोरपंखी. निळा म्हणावा तर हिरवा दिसायचा आणि हिरवा म्हणावा तर निळा. शिवणबाईंनी तो स्वतः निवडला होता. भिंती दुधाळ पांढऱ्या आणि सगळ्या चौकटी, भिंतीच्या पायाशी धावणारी पट्टी, ओट्याखालच्या कपाटांची दारं, सगळं मोरपंखी. शेजारच्या बायका म्हणाल्या, "अगं बाई, एवढा भडक?" शिवणबाई हसून म्हणाल्या, "दिवसभर पांढऱ्या कापडावर पांढरी शिलाई घालून डोळे फुटायची वेळ येते. घरात तरी काहीतरी ठसठशीत असू दे."

त्या पोरसवदा पेंटरला पुढे सगळे तीनहात म्हणू लागले. रंगाच्या एका थराला पेंटर लोक एक हात म्हणतात. बाकीचे पेंटर दोन हात देऊन मोकळे व्हायचे. हा तिसरा दिल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचा नाही. आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. तुम्ही मात्र काका म्हणा.

मित्रांनो, मी त्याच्यासारखा कामसू माणूस दुसरा पाहिला नाही. कपाटाची दारं रंगवायची असली की तो आधी एकूण एक दार बिजागरीतून सोडवायचा. प्रत्येक दाराला आकडा द्यायचा. पण आकडा दारावर लिहायचा नाही, कारण तो रंगाखाली जातो. बिजागरीच्या खाचेत लिहायचा आणि वर चिकटपट्टी लावायचा. मग पॉलिश पेपरने घासणं. जुना रंग चकचकीत असेल, तर त्याची सगळी चमक उतरेपर्यंत घासणं. "गुळगुळीतावर रंग बसत नाही, नुसता टेकतो," असं तो म्हणायचा. मग ओल्या फडक्याने धूळ टिपायची, भेगांमध्ये लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वाळली की पुन्हा घासायचं, मग अस्तर, म्हणजे रंगाखालचा पाया, आणि मग कुठे रंगाचा पहिला हात. बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस रंगवतो कधी? घासतच तर असतो!

ब्रश मात्र असा चालवायचा की बघत राहावं. आधी दाराच्या खोलगट भागात, मग आडव्या पट्ट्यांवर, शेवटी उभ्या पट्ट्यांवर वरून खाली एकच सरळ ओढ. मध्ये थांबणं नाही, मागे वळणं नाही. एक ओघळ सापडला तर स्वतःलाच शिव्या घालायचा.

त्याची आणखी एक सवय होती. काम संपल्यावर बरोबर एका महिन्याने तो त्या घरी फेरी मारायचा. रंग वरून एका दिवसात सुकतो, पण आतून घट्ट व्हायला त्याला महिना लागतो. म्हणून हा जाऊन एकेक दार उघडून बघायचा, ते चौकटीला चिकटत तर नाही ना, कोपऱ्यात पापुद्रा तर नाही ना. कुणी बोलावलेलं नसायचं. लोक म्हणायचे, "काय विसरलात का हो?" हा म्हणायचा, "नाही, दारांना भेटायला आलो."

अशी वर्षांमागून वर्षं गेली. आम्ही किती घरं पाहिली! दवाखान्याची कपाटं साईच्या रंगाची केली. वाचनालयाची दारं तपकिरी केली. दोन भांडखोर बहिणींच्या खोलीचं एकच कपाट अर्धं पिवळं आणि अर्धं जांभळं केलं. काम झालं की तो मला फडक्याने पुसायचा, पण प्रत्येक रंगाचा पातळसा थर अंगावर राहायचाच. एकावर एक थर चढत गेले आणि मी चांगली गुटगुटीत झाले. आता मी पहिल्यापेक्षा दुप्पट जाड आहे. त्यात खाण्यापिण्याचा काही दोष नाही.

आणि मग ते घर्रघर्र करणारं ढवळणं आलं. ड्रिलच्या तोंडाला बसवायचं, डब्यात सोडायचं, अर्ध्या मिनिटात काम फत्ते. तीनहात खूश झाला. मला आधी डब्यांची झाकणं उचकटायला वापरलं, आणि पुढे तेही बंद झालं. मी त्याच्या पिशवीच्या तळाशी जाऊन पडले. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? रुसले होते मी. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. पिशवी बदलली, ब्रश बदलले, तरी त्याने मला कधी फेकलं नाही. नव्या पिशवीत सगळ्यात आधी मला ठेवायचा.

मग एक दिवस शिवणबाईंच्या मुलीने त्याला बोलावलं. ती दुसऱ्या गावी राहायची. बाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि एकट्याच होत्या. त्यांची नजर उतरत चालली होती. सगळं धुक्यातून बघावं तसं दिसायचं. डॉक्टर म्हणाले होते, आहे ती नजर टिकेल, पण गेलेली परत यायची नाही. मुलीचा आईवर भारी जीव. तिने विचार केला, आईला कमी दिसतं, तर घर उजळ करू या. तिने तीनहातला सांगितलं, "काका, ते जुनं गडद काही नको. चौकटी, दारं, कपाटं, सगळं पांढरंशुभ्र करा. लख्ख प्रकाश पडला पाहिजे आईला."

तीनहातने जीव ओतला हो त्या कामात! त्या मोरपंखीवर घासून घासून अस्तर दिलं आणि त्यावर चकचकीत पांढऱ्याचे तीन हात. कुठे ब्रशची रेघ नाही, कुठे ओघळ नाही. दारात तोंड बघून भांग पाडावा. शेजारीपाजारी बघायला आले. मुलीने फोनवर फोटो काढून सगळीकडे पाठवले. तीनहात मला, म्हणजे पिशवीला, म्हणाला, "सव्वीस वर्षांत असं काम झालं नव्हतं बरं का." बाईंनी दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गुळगुळीत झालंय." एवढंच. तेव्हा कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर ड्रिलवर जळत बसले होते.

महिना झाला. सोमवारी सकाळी तीनहात नेहमीप्रमाणे फेरीला गेला. आत पाऊल टाकलं आणि त्याचं डोकंच फिरलं. त्या पांढऱ्याशुभ्र भिंतींवर, चौकटींवर, कपाटांवर कमरेच्या उंचीला हातांचे मळके डाग होते. एकदोन नव्हे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बाई, हे काय हो?" तो जरा चढ्या आवाजातच बोलला. "माझ्या कामाला कुणी हात पुसले?"

शिवणबाई खुर्चीतून उठल्या. त्यांच्या कपाळावर टेंगूळ होतं, निळं पडलेलं.

"पुसले नाहीत हो," त्या म्हणाल्या. "दार शोधत होते."

तीनहातने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

बाई सांगू लागल्या. भिंत पांढरी, चौकट पांढरी, दार पांढरं. कुठे भिंत संपते आणि कुठे दार लागतं, काही कळत नाही. दार अर्धवट उघडं असलं की कपाळावर येतं. ओटा कुठे संपतो ते दिसत नाही, तीन पेले फुटले. आणि ते पांढरं चकाकतं कसलं! खिडकीतून ऊन आलं की डोळ्यांपुढे नुसता उजेडाचा पडदा. पूर्वी त्यांना चौकटीची गडद रेघ अंधुक का होईना दिसायची आणि त्या रेघांच्या मधून त्या बिनधास्त चालायच्या. त्या रेघांनीच आपण चालतो, हे त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"कापडाच्याच रंगाचा दोरा घेतला की शिलाई लपते," बाई म्हणाल्या. "तुम्ही माझं घर लपवून टाकलंत बघा."

"मुलीला सांगितलंत का?"

"काय सांगू? एवढ्या हौसेने केलंय तिने. तिला वाटतं माझी नजर आणखी गेली. येत्या रविवारी मला न्यायला येतेय. हे घर बंद करायचं म्हणते." बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. "तिच्याकडे माझे लाड होतील हो. पण तिथे मी दिवसभर खुर्चीत बसून राहीन. इथे अजून माझा चहा मीच करते. मला नाही जायचं."

मित्रांनो, तीनहात दाराजवळ गेला. आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर कामावरून त्याने बोटं फिरवली. असं काम पुन्हा आपल्या हातून होईल की नाही, कुणी सांगावं? मग त्याने पिशवीतून खरखरीत पॉलिश पेपर काढला आणि त्या आरशासारख्या दारावर पहिला घासा मारला. खर्रर्र! मी डोळे मिटून घेतले. मला डोळे नाहीत, पण तरी मिटून घेतले.

"अहो, आधी मुलीला विचारा तरी," बाई म्हणाल्या.

"घर कुणाचं?"

"माझं."

"मग झालं तर."

आता प्रश्न रंगाचा. रंगांच्या छोट्या छोट्या चौकोनांचं पुस्तक असतं ना, ते बाईंना सगळं सारखंच दिसायचं. तीनहातने मग हातभर लांबीच्या फळ्या रंगवून आणल्या. एकेक फळी भिंतीला टेकवून धरायचा आणि बाईंना चार पावलं मागे उभं करून विचारायचा. तपकिरी फळी जमिनीत मिसळून गेली. राखाडी तर दिसलीच नाही. काळी फळी लगेच दिसली, पण बाई दचकल्या. म्हणाल्या, "दार नाही वाटत हो, खड्डा वाटतो. पाय टाकायला भीती वाटते."

"मग कोणता आणू?"

"माझा पहिला मोरपंखी होता ना, तोच आणा. तो मला न बघताही ओळखता येईल."

पण तो मोरपंखी आणायचा कुठून? ती कंपनी केव्हाच बंद झाली होती. डबा नव्हता, रंगाच्या नंबराची चिठ्ठी नव्हती. चौकटीवरचा जुना रंग तर यानेच घासून, अस्तर देऊन पुरून टाकला होता, आणि जे काही खाली उरलं होतं त्याचे नुसते ठिपके होते. तीनहात डोक्याला हात लावून बसला. मी पिशवीत ओरडत होते, "अरे बाबा, मी आहे ना! माझ्याकडे बघ!" पण पट्टीचं कोण ऐकतं?

शेवटी चाकू शोधायला त्याने पिशवीत हात घातला आणि त्याच्या हाती मी आले. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "तू तर इथलीच."

त्याने चाकूने माझं टोक तिरकं कापलं. कांद्याच्या पाकळ्या दिसाव्या तसे माझे सगळे थर दिसू लागले. दवाखाना, वाचनालय, त्या दोघी बहिणी, सगळे. आणि अगदी आत, लाकडाला चिकटून, एक बारीकशी मोरपंखी रेघ.

रंगाच्या दुकानदाराकडे रंग ओळखणारं यंत्र होतं. पण तो म्हणाला, "दोऱ्याएवढी रेघ नाही चालायची. निदान कोटाच्या बटणाएवढा तरी डाग हवा." म्हणजे माझ्या अंगावरचे वरचे सगळे थर तेवढ्या जागेवर घासून काढायचे. सव्वीस वर्षं घासायची. तीनहातने मला मांडीवर घेतलं, ओला पेपर घेतला आणि इतक्या हळुवारपणे घासायला लागला की मला रडूच आलं. पिवळा गेला, जांभळा गेला, साईचा गेला. जरा जास्त घासलं असतं तर मोरपंखीही गेला असता आणि खालचं लाकूड दिसलं असतं. तो दर चार घाशांनी थांबायचा, पुसायचा, उजेडात धरून बघायचा. आणि मग तो दिसला. बटणाएवढा, जसाच्या तसा.

नाही, अगदी जसाच्या तसा नाही. यंत्राने रंग बनवला तेव्हा तो जरा पिवळट निघाला. इतकी वर्षं अंधारात दबून माझा रंग थोडा उतरला होता. तेव्हा तीनहातने निळ्याचे थेंब मोजून टाकले आणि मला सरळ डब्यात बुडवलं. "चला बाईसाहेब, कामाला लागा." ड्रिल पिशवीतच राहिलं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्याइतकी सुखी पट्टी जगात दुसरी नव्हती.

या वेळी त्याने चकचकीत रंग घेतला नाही. हात फिरवला तर गुळगुळीत, पण उजेड डोळ्यांवर न फेकणारा, आणि ओल्या फडक्याने पुसता येणारा असा घेतला. चौकटी मोरपंखी केल्या. भिंतीच्या पायाशी धावणारी पट्टी मोरपंखी केली, म्हणजे जमीन कुठे संपते ते कळावं. ओटा पांढरा आणि त्याखालची कपाटं मोरपंखी, म्हणजे पेला ठेवताना कड दिसावी. दारं पांढरीच ठेवली, पण त्यांची चमक घासून मारली. आणि एक गोष्ट केली, ती मी आजवर कुठल्या पेंटरला करताना पाहिली नव्हती. दाराची जी जाडी असते ना, दार अर्धवट उघडं असताना आपल्या समोर येते ती कड, ती त्याने वरपासून खालपर्यंत मोरपंखी केली. ज्या कडेने बाईंचं कपाळ फोडलं होतं, तीच आता दुरून सांगणार होती, "बाई, मी इथे आहे."

प्रत्येक गोष्टीला तीन हात. दिवस हातात पाच. इतर पेंटर दोन हातांवर भागवा म्हणाले असते. हा रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिसरा हात मारत होता, तेव्हा बाहेर गाडी थांबली.

मुलगी आत आली. हातात सामान भरायची रिकामी खोकी. दारातच तिचा चेहरा पडला.

"काका, हे काय केलंत? मी एवढं लख्ख करून घेतलं होतं!"

तीनहात ब्रश हातात घेऊन चौकटीपासून बाजूला सरकला.

शिवणबाई बाहेरच्या खोलीत होत्या. त्या उठल्या. त्यांनी भिंतीला हात लावला नाही. बैठकीच्या चौकटीतून बरोबर मधून गेल्या, अर्धवट उघड्या दाराची कड दिसली तसं ते बाजूला सारलं, स्वयंपाकघरात शिरल्या. कपाटातून पेला काढला, पाणी भरलं आणि ओट्यावर कडेपासून चार बोटं आत नीट ठेवला. मुलगी खोकी हातात घेऊन त्यांच्या मागे मागे चालत होती. मग ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकायला गेली.

बाई ओट्यापाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, तिथे टेकू नकोस. रंग ओला आहे."

मुलगी झटकन सरळ झाली. "आई," ती म्हणाली, "तुला मी दिसतेय?"

"तोंड नाही दिसत गं. पण माझ्या चौकटीत कुणीतरी उभं आहे, एवढं कळतं की."

मुलगी खोकी टाकून आईच्या गळ्यात पडली आणि लहान मुलासारखी रडली. "मला वाटलं उजेड केला की तुला दिसेल," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, "अगं वेडे, तू हौसेने केलंस, मला का कळत नाही?" तीनहात तोंड फिरवून उगाचच कोरड्या जागेवर ब्रश फिरवत बसला.

खोकी रिकामीच परत गेली. बाई तिथेच आहेत आणि अजून आपला चहा आपण करतात.

तीनहात मला परत घेऊन गेला नाही. माझ्या टोकाला भोक पाडून त्याने मला ओट्याखालच्या कपाटाच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलं. "आता डबा हरवला तरी रंग हरवणार नाही," असं बाईंना म्हणाला. जाताना त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला. मी रुसवा कधीचा सोडला होता, हे त्याला कळलं असेल, अशी आशा आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घर रंगवाल तेव्हा कोणता रंग शोभतो ते जरूर बघा, पण त्याआधी त्या घरात कोण चालतं ते बघा आणि त्याला विचारा. दारं नीट घासा, तिसऱ्या हाताचा कंटाळा करू नका. आणि काम झाल्यावर ढवळायची पट्टी कचऱ्यात टाकू नका. पुसा आणि ठेवून द्या.

बरोबर महिन्याने तीनहात पुन्हा आला होता. सगळी दारं उघडून पाहिली, सगळ्या भिंती न्याहाळल्या. एकाही भिंतीवर हाताचा डाग नव्हता.